चौथ्या डावातला पाऊस

एमिल हुडाकचा बाप बत्तीस वर्षं अमेरिकेतल्या कोळशाच्या खाणीत उतरला. सदतीस सालच्या वसंतात बेसबॉलच्या एका छोट्या व्यावसायिक संघानं एमिलला बोलावलं, तेव्हा आईनं विचारलं, की चेंडू पकडायची मजुरी कोण देतं? बाप मात्र जेवता जेवता एवढंच म्हणाला, "आभाळाखालचं काम आहे. जा."

एमिलची जागा मधल्या मैदानात, सगळ्यात मागे. फटक्याचा आवाज कानावर आला की वर न बघताच तो पळत सुटायचा आणि चेंडू उतरणार तिथे आधीच जाऊन उभा असायचा. त्याच्या गावच्या, ब्लॅक फोर्कच्या स्लोव्हाक वस्तीत, रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर, त्याच्या पळण्याच्या गोष्टी निघत. पण मोठ्या लीगचं बोलावणं काही येईना. आडगावांचे संघ, बसचे लांबलचक प्रवास, दर उन्हाळ्यात नवी खानावळ. मधली तीन वर्षं लढाईनं नेली. लग्न ठरताना तो व्हेरोनाला म्हणाला होता, "यंदाचा हंगाम बघू." पुढे पुढे हे वाक्य त्याच्याआधी तीच म्हणू लागली.

बोलावणं आलं ते अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात, तो तिशीचा झाल्यावर. अकरा दिवस तो नुसता बाकावर बसून होता. बाराव्या दिवशी संघाचा नेहमीचा खेळाडू तापानं फणफणला आणि मॅनेजर हातातल्या कागदावरून मान वर न करता म्हणाला, "हुडाक, आज तू."

समोरचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता ओरिन टॅगर्ट. दुसऱ्या डावात त्याचा एक चेंडू सरळ आला आणि एमिलनं तो डावीकडच्या भिंतीपलीकडे धाडला. असा होम रन मारला की बाद व्हायची भीती नसते, रमतगमत पळायचं असतं, पण एमिलला तशी सवयच नव्हती. तो चारही बेसना शिवत जीव तोडून पळाला. बाकावरचे हसत सुटले. "अरे, कोण लागलंय तुझ्या मागे?"

चौथ्या डावात पाऊस कोसळला. मैदानावर ताडपत्र्या पसरल्या. तासभर वाट पाहून अंपायरनी सामना रद्द केला. पाच डाव झाल्याशिवाय सामना धरत नाहीत, हे एमिलला शाळेपासून ठाऊक होतं. तरी त्यानं विचारलंच.

"मग माझा फटका?"

मॅनेजर बुटांच्या नाड्या सोडत होता. "कुठला फटका? आज खेळच झाला नाही."

दुसऱ्या दिवशी तो सामना पहिल्यापासून खेळवला. नेहमीच्या खेळाडूचा ताप उतरला होता. वसंतात संघाचं पत्र आलं आणि एमिल पुन्हा आडगावच्या संघात गेला. गुडघे बोलायला लागले तरी तो पाच वर्षं रेटत राहिला. मग ब्लॅक फोर्कला परतून डेअरीची दुधाची गाडी चालवू लागला.

मोठ्या लीगच्या नोंदींत एकच सामना खेळलेल्याचंही नाव असतं. एमिलचं नव्हतं. गुत्त्यातले जुने लोक त्याची गोष्ट मानायचे. नवे एकमेकांना डोळे मारायचे. "एमिल, तो पावसातला फटका सांग ना!" हळूहळू त्यानं सांगणं सोडलं. उन्हाळ्यातल्या दुपारी मात्र गाडी उभी करून तो उगाच बराच वेळ वर बघत राहायचा. व्हेरोनाला ते माहीत होतं. आपण त्या दिवशी तिथे नव्हतो, ही खंत तिलाही होती.

एकसष्ट साली तिनं पेपरात वाचलं, की टॅगर्टनं चार तासांवरच्या एका तळ्याकाठी मासेमारीच्या सामानाचं दुकान टाकलंय. "जाऊन ये," ती म्हणाली. "त्याला तरी आठवत असेल."

टॅगर्ट आता अंगानं सुटला होता. त्यानं कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं.

"खोटं कशाला बोलू, हुडाक? मला कितीतरी जणांनी ठोकलं. तू नाही आठवत." मग कपात आणखी कॉफी ओतत तो म्हणाला, "पाऊस आठवतो. माझा खांदा वर होत नव्हता त्या दिवशी. आणखी दोन डाव टाकावे लागले असते, तर घरी धाडलं असतं मला. पाऊस आला, विश्रांती मिळाली. नंतर सहा वर्षं खेळलो."

एमिलला राग यायला हवा होता. पण त्यानं विचारलं, कशी होती ती सहा वर्षं? टॅगर्ट सांगत बसला. कुठल्या शहरातलं गवत मऊ, कुठे वारा चेंडू वळवतो. एमिल प्रत्येक वेळी मधल्या मैदानाचंच विचारायचा. उन्हं कलली तरी त्याचं विचारणं संपेना.

घरी पोचल्यावर व्हेरोनानं ताट वाढलं. "आठवलं त्याला?"

"पाऊस आठवला."

दोन घास खाऊन एमिल म्हणाला, "न्यूयॉर्कला एक मैदान आहे म्हणे. मधल्या मैदानामागची भिंत इतकी दूर, की टॅगर्टच्या डोळ्यांदेखत तरी तिथे कुणाचा चेंडू पोचला नाही."

"मग?"

"पळायला काय जागा असेल गं तिथे."