हिरव्या काठाचे मोजे

ओसरीत मी पाय लांब करून बसलेली, मागून ताईने काखेत हात घालून मला घट्ट धरलेलं, आणि पुढ्यात उकिडवे बसलेले बाबा माझ्या उजव्या पायात मोजा चढवायला दातओठ खात जोर लावताहेत... पांढराशुभ्र, हिरव्या काठाचा, लुगड्याच्या सुतातून विणलेला मोजा! जगाच्या पाठीवर असा दुसरा मोजा नसेल, अशी माझी तेव्हा खात्री होती आणि आजही आहे. पौषातलं कोवळं ऊन ओसरीत उतरलं होतं, चुलीवर सुताला लावायची खळ रटरटत होती, त्या शिजत्या तांदळाचा आंबूस, ऊबदार वास घरभर दाटला होता, आणि माझं काळीज नुसतं उड्या मारत होतं.

आमचं घर विणकराचं. पुढच्या खोलीत माग, मागाखाली खड्डा, आणि त्या खड्ड्यात दिवसभर बाबांचे पाय. नागपूरच्या उन्हाळ्याची कीर्ती सर्वदूर आहे, पण इथल्या हिवाळ्याला कुणी विचारत नाही. तो कसा असतो हे शेणाने सारवलेल्या जमिनीवर झोपणाऱ्यांना विचारावं. दिवेलागणीला थंडी त्या खड्ड्यात येऊन बसायची आणि तिथून पावलापावलाने घरभर पसरायची. गोधडीत बाकीचं अंग तापायचं, पाय तेवढे गारच, आणि पाय गार तोवर मला झोप नाही. मग एकच इलाज – शेजारी निजलेल्या ताईच्या पोटऱ्यांना दोन्ही तळपाय चिकटवायचे. ती कळवळून म्हणायची, "काहून वं, तुहे पाय हायेत का बरफ?" पण आपले पाय कधी मागे घ्यायची नाही. कळत्या वयापासून ही माझी हक्काची शेगडी होती.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि ताईचं लग्न ठरलं. काटोलचं स्थळ, घरची संत्र्याची बाग, माणसं सालस, मुहूर्त माघातला. सगळं घर आनंदात, आणि मला एकच घोर – मी आता झोपायचं कसं? हा प्रश्न मी आईला सरळ विचारलाही. धोट्याच्या कांड्यांवर सूत भरता भरता आई म्हणाली, "रुखवतात ठेवून देऊ तुले." सगळे हसले. मला मात्र रडू आलं, कारण मी खरंच विचारत होते.

चिंतेने रात्रीची झोप गेली आणि दिवसा, वर्गात, हक्काने येऊ लागली. एकदा बाईंनी मला उभं केलं. त्या रामदासपेठेतून सायकल-रिक्षाने यायच्या, त्यांच्या साडीला कापराचा वास यायचा, आणि आम्हा मुलींना त्या म्हणजे सर्वज्ञ वाटायच्या. मी भीत भीत सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, मोजे घालून झोपत जा. पाय ऊबदार झाले की झोप आपसूक येते."

मोजे! इतका सोपा इलाज... शाळा सुटल्यावर मी जी धूम ठोकली ती थेट मागापाशी. आमच्या गल्लीत मोजे घालायचे ते फक्त पोलीस आणि नवरदेव. बाबांनी हातातला धोटा थांबवला, क्षणभर विचार केला आणि त्यांच्या डोळ्यांत एक चमक आली. "मोजे म्हणजे शेवटी सूतच ना?" ते म्हणाले. "मंग विणकराच्या पोरीनं ते इकत काहून घ्याचे?"

बाबांचा हट्ट म्हणजे हट्ट. नुकतंच एक लुगडं उतरलं होतं, त्याचे उरलेले उभे धागे मागावर होते. दोऱ्याने त्यांनी माझं पाऊल मापलं – लांबी, रुंदी, घेर, सगळं चोख – आणि दोन पदर एकावर एक असे विणायला घेतले, की कडा आपोआप जुळाव्यात आणि शिवण म्हणून कुठे लागू नये. तीन दिवस मी मागापासून हलले नाही. खटक-खटक आवाजासरशी माझी झोप विणली जात होती! बाबाही मधूनच मान वर करून म्हणायचे, "पाहून घेजो, गाडीभर पोरी मागे लागतीन, मले बी दे म्हनून."

आणि आता ओसरीत तो मोजा टाचेपाशी येऊन थांबला तो थांबलाच. बाबांनी ओढलं, मी पाय आवळला, ताईने मला मागे खेचलं. मोजा तसूभर सरकेना. ज्या माणसाचा सारा जन्म विणण्यात गेला, त्यालाच हे सुचू नये की मागावर विणलेलं कापड ताणलं जात नसतं! शिवाय हात असा कसलेला की विरळ विणणं त्याला ठाऊकच नव्हतं. बाबांचं तोंड एवढंसं झालं.

"टाचेपाशी कापा लागते, बाबा," ताई हळूच म्हणाली.

मागावरून उतरलेल्या कापडाला आमच्या घरात कात्री लागत नसे. ज्याने घेतलं त्याने आपल्या घरी नेऊन काय हवं ते करावं. विणणाऱ्याच्या उंबऱ्याआत ते अखंडच राहायचं. बाबा मोज्याकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे, मग ताईकडे. "काप तू," ते म्हणाले, "मी जरा बाहेर जाऊन येतो." आणि खरोखरच ते गल्लीच्या तोंडाशी पाठमोरे उभे राहिले. ताईने त्यांच्याच जुन्या बनियनचा ताणला जाणारा तुकडा टाचेला जोडला, आणि मोजा सर्रकन वर गेला! मी ओसरीभर नाचले, आणि नाचत जाऊनच बाबांना बोलावून आणलं.

त्याच संध्याकाळी ताईने फर्मान काढलं, "आजपासून येगळी निज. सवय कर." मी वेगळी निजले, आणि काय सांगू, पाठ टेकली न टेकली तोच सकाळ झाली! "झोपले! एकटी झोपले!" म्हणून मी घर डोक्यावर घेतलं. ताईचे डोळे लाल होते. लग्न ठरलेल्या मुलींचे असतातच, असं मी धरून चालले. पाठवणीला मी धाय मोकलून रडले खरी. पण आज लाज वाटते सांगायला, त्या रात्रीही मोजे चढवून मी गाढ झोपले.

ताईला देवाघरी जाऊन आता बरीच वर्षं झाली. बाबांच्या पश्चात मागही निघाला, खड्डा बुजला. ताई आठवते तेव्हा मला तिचं लग्न आठवत नाही, मुंडावळ्या बांधलेला चेहराही नाही. आठवतो तो पुढल्या पौषातला काटोलचा मुक्काम. बाबांनी मला बसने तिच्याकडे नेलं होतं. घरभर संत्र्यांचे ढीग, हाताला, पाण्याला, पांघरुणालासुद्धा सालींचा वास. निजायच्या वेळी मी मोठ्या दिमाखात पिशवीतून मोजे काढून दाखवले, तर ताई म्हणाली, "घालू नको ते."

"काहून?"

माझे गारठलेले पाय तिने ओढून आपल्या पोटऱ्यांशी घेतले. कळवळली नाही, ओरडली नाही. "वरीस झालं वं," ती एवढंच म्हणाली, "धड झोपच नाही." मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तोवर तिचा श्वास संथ झालाही होता. मग मीच जागी राहिले. पायांना मुंग्या आल्या, पण हलवले तर ती जागी होईल, म्हणून उजाडेपर्यंत मी पाय हलवले नाहीत.