हरणीचा वर्ग

कडावच्या धाकलूला घोड्याची पारख आहे, असं पुढे सगळा मुलूख म्हणायचा. पण ही पारख आपल्याला दोनदा चारचौघांत नाक कापून घेतल्यावर आली, हे तो स्वतःच सांगायचा आणि सांगताना पोट धरून हसायचा.

पावसाळ्यात तो भाताच्या चिखलात असायचा. दिवाळी सरली की घोडीचा लगाम धरून नेरळच्या चढणीनं माथेरानावर. मुंबईची माणसं हवा खायला वर आली की त्यांना पॉइंट दाखवत फिरवायचं, हा त्याचा आठ महिन्यांचा धंदा. घोडी एकच, तिचं नाव हरणी. रंगानं तांबूस, चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा, म्हणजे अगदी पंचकल्याणी. पण नावासारखं तिच्या अंगी काही नव्हतं. हरणासारखं धावणं राहू द्या, भरभर चालणंसुद्धा तिला पटायचं नाही. डुलत डुलत जायची, वाटेत कुठं हिरवं दिसलं की उभी राहायची.

मे महिन्याच्या शेवटी, गिऱ्हाइकं खाली उतरायच्या आधी, वरच्या मैदानावर घोड्यांचा शो भरायचा. कारकून टेबल मांडून बसायचा आणि विचारायचा, "कुठल्या वर्गात?" शर्यत, उडी, सजावट, सवारीचं शहाणं घोडं, असे पाच-सहा वर्ग असायचे. आपलं घोडं कुठं उभं करायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

एकोणीसशे सव्वीस साली धाकलूनं पहिल्यांदा नाव दिलं, ते थेट शर्यतीत.

"अवो, ती धावल का?" त्याच्या बायकोनं, सोनाबाईनं, विचारलं.

"चार घोडी म्होरं पळाया लागली की हीबी पळल. जनावराला इरेस घालावं लागतं, सोने."

निशाण पडलं. हरणी खरंच पळाली. पहिलं वळण होईपर्यंत ती तिसरी होती आणि धाकलूच्या डोक्यावरचं मुंडासं केव्हाच उडून गेलं होतं. शर्यतीची वाट बंगल्यांच्या मागून जायची. तिथंच मोतीबाईंचा बंगला. मोतीबाई म्हणजे साठीच्या, अंगानं चांगल्या भरलेल्या पारशीणबाई. दर उन्हाळ्यात यायच्या, हरणीशिवाय दुसऱ्या घोड्यावर बसायच्या नाहीत, आणि फेरी झाली की तिला फाटकाशी गुळाचा खडा द्यायच्या. फाटक दिसलं आणि हरणी शर्यत सोडून आत वळली. धाकलू वरून ओरडतोय, टाचा मारतोय, आणि घोडी व्हरांड्याच्या पायरीशी तोंड वर करून उभी!

मोतीबाई बाहेर आल्या. "ढाकलू, शरत सोडून तू माज्याकडे आला?"

"मी नाय आलो, बाई," धाकलू म्हणाला, "हिनं आणला."

ही गोष्ट नेरळच्या बाजारापर्यंत पोचली. बाजारात कुणी ना कुणी विचारायचं, "काय धाकलू, गूळ मिळाला का रं?"

दुसऱ्या वर्षी त्यानं ठरवलं, पळायची भानगडच नको. पंचकल्याणी घोडी, दिसायला देखणी, तिला सजवायची. सोनाबाईनं अख्खा पावसाळा बसून जुन्या लुगड्यांच्या काठांची झूल शिवली. तिला कवड्या लावल्या, आरसे लावले, चारी कडांना गोंडे सोडले. धाकलूनं मोरपिसं गोळा केली, पायांत बांधायला घुंगरू आणले. शोच्या दिवशी हरणी मैदानात आली तेव्हा लोक उठून उभे राहिले. एकानं तर हात जोडले. धाकलूची छाती भाकरीसारखी फुगली.

परीक्षक एक म्हातारे कॅप्टनसाहेब होते, बोलायला कमी आणि बघायला फार. ते घोडीभोवती एक फेरी फिरले. मग त्यांनी हातातल्या काठीनं झुलीची कड उचलली आणि वाकून आत पाहिलं. पाठीवर दोन ठिकाणी केस घासून गेले होते, आणि एका जागी पावलीच्या नाण्याएवढी लाल जखम. आरशाच्या धारेनं झालेली. सकाळपासून घोडी मिरवत होती, तेवढ्यात ती झाली होती.

साहेब कारकुनाला काहीतरी म्हणाले. कारकून धाकलूजवळ आला. "साहेब विचारतायत, झूल सजवायची होती की घोडी?"

धाकलूनं मान खाली घातली. त्यानं तिथंच, सगळ्यांसमोर, झूल उतरवली, घुंगरू सोडले आणि घोडीला मैदानाबाहेर नेलं. हरल्याचं त्याला काही वाटलं नाही. पण उतारावर तो सारखा मागं वळून तिच्या पाठीकडे बघत होता. झऱ्यापाशी थांबून सोनाबाईनं जखम धुतली, हळद-तेल लावलं आणि डोळे पुसले.

"माजंच टाकं, माजंच आरसं," ती म्हणाली.

"तुजा काय दोष न्हाय गं. रोज सकाळी मी तिच्या पाठीवरनं हात फिरवतो. आज झुलीवरनंच फिरवला."

त्या पावसाळ्यात धाकलूनं घोडीकडे नव्यानं बघायला सुरुवात केली. ती बांधावर चरायची आणि हा समोर बसून असायचा. कशाला कान टवकारते, कशाला नाही. डोक्यावर वीज कडाडली तरी हिची शेपूट नुसती हलायची. गोठ्यात साप निघाला तेव्हा बैलांनी दावी तोडली, ही मात्र साप जाईपर्यंत बघत उभी राहिली. आपण इतकी वर्षं हिच्या मंदपणाला हसलो, असं त्याच्या मनात आलं.

"सोने, ही मंद न्हाय. ही भेत न्हाय."

"मी सांगून थकले," सोनाबाई म्हणाली. "मोतीबाई का दुसऱ्या घोड्यावर बसत न्हाईत, कधी इचारलं का तुमी?"

तिसऱ्या वर्षी कारकुनानं हसतच विचारलं, "यंदा कुठं? उडीत?"

"सवारीचं शहाणं घोडं," धाकलू म्हणाला.

महिनाभर त्यानं फेऱ्यांखेरीज दुसरं काही केलं नाही. रोज दोन वेळा खरारा केला. नाल नवे ठोकून घेतले. खोगिराला तेल चोळून चोळून कातडं लोण्यासारखं मऊ केलं, पोटाखालचा तंग नवा घातला. सकाळी निघताना मात्र त्याला राहवलं नाही, शेपटीला त्यानं एक लाल गोंडा बांधला. सोनाबाईनं तो मुकाट्यानं सोडला आणि कनवटीला लावला.

या वर्गात घोड्यावर बाईमाणसानं बसायचं होतं. मोतीबाईंनी कुणाला विचारलंसुद्धा नाही. स्टुलावर चढून त्या हरणीवर बसल्या, आणि मैदानात एकदम हशा पिकला. सात घोडी रांगेत उभी राहिली. पहिल्यांदा नुसतं चालायचं होतं, ते सगळ्यांना जमलं. मग जागचं न हलता उभं राहायचं होतं. बँडवाल्यांनी ढोल बडवला. पोशा नावाच्या घोडेवाल्याचं उंच पांढरं घोडं असं उधळलं की वरची मडम कशीबशी आयाळ धरून राहिली. आणखी दोन घोडी त्याच्या मागं गेली. मग एकानं बाजूनं येऊन घोड्यांच्या तोंडाशी फटकन छत्री उघडली. त्यात आणखी दोन मागं सरकली.

राहिली दोन. एक हरणी आणि दुसरं लडकू म्हाताऱ्याचं भुरकं घोडं.

कॅप्टनसाहेब दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. कुणाला पहिलं द्यावं ते त्यांना कळेना. तेवढ्यात झाडावरून एक माकड उतरलं आणि मोतीबाईंच्या हातातली चण्यांची पुडी ओढायला थेट हरणीच्या पाठीवर येऊन बसलं. मोतीबाई किंचाळल्या. पुडी फाटली. हरणीनं मान वळवून माकडाकडे पाहिलं, मग खाली सांडलेल्या चण्यांकडे पाहिलं, एक पाऊल पुढं टाकलं आणि शांतपणे चणे खायला लागली.

भुरकं घोडं जागचं हललं नव्हतं.

"एक पाऊल," साहेब म्हणाले. पहिला नंबर लडकूचा, दुसरा हरणीचा.

सोनाबाई संतापली. "अवो, त्यो घोडा दोनी कानांनी बहिरा हाय! छत्रीबी त्येच्या फुटक्या डोळ्याकडनं उघाडली. सगळ्या माथेरानाला ठावं हाय. सांगा जाऊन साहेबाला!"

धाकलू हसायला लागला. आधी हळू, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "सांगू कशाला? सगळ्यांत शहाणा लडकूच. बहिऱ्या घोड्याला कुठल्या वर्गात उभा करावा, ते त्येला बराबर कळलं."

मग तो लडकूकडे गेला, म्हाताऱ्याला कडकडून भेटला आणि त्याच्या कानात काहीतरी बोलला. दोघं बराच वेळ खांदे हलवत हसत होते. मोतीबाईंना दुसऱ्या नंबरची निळी फीत मिळाली. ती त्यांनी पुढचा सगळा सीझन पोलक्याला लावून मिरवली.

पुढच्या सालापासून शो जवळ आला की घोडेवाले धाकलूकडे यायला लागले. तो जनावराला एक चक्कर मारायला लावायचा, कानांकडे बघायचा, पोटाखालून हात फिरवायचा. "पळीव याला, पण पैलं वळाण सोपं घे." "हिला उडीत नको घालू, मागचा पाय दुखतोय." पोशाला त्यानं सांगितलं, "तुजं घोडं भित्रं हाय, पण दिसतं राजावानी. नुसतं सजवून उभं कर, आन् ढोलापास्नं लांब." पोशा त्या वर्षी सजावटीत पहिला आला. एकानं चावरं घोडं आणलं. धाकलूनं त्याला सांगितलं, "ह्येला घरी ठेव, आन् तूबी घरीच ऱ्हा."

चौतीस साली शोमध्ये पहिल्यांदाच चांदीचा पेला ठेवला होता, शहाण्या घोड्याच्या वर्गाला. सगळे म्हणाले, पेला हरणीचाच. त्याच सकाळी धाकलूनं तिच्या पुढच्या पायाला हात लावला. पाय थोडा गरम लागला. लंगडत नव्हती, कुणाला कळलंसुद्धा नसतं. त्यानं कारकुनाकडे जाऊन नाव काढून टाकलं, घोडीला सावलीत बांधलं, पायाला ओल्या फडक्याची पट्टी केली.

मग तो आणि सोनाबाई मैदानाच्या कडेला बसले आणि भुईमुगाच्या शेंगा फोडत, कुठलं घोडं चुकीच्या वर्गात आलंय ते एकमेकांना सांगत राहिले.