बरणीला लावलेला कान

अण्णांच्या वहीत आसवाची कृती एका पानात संपते. काळ्या मनुका धुऊन उकळायच्या, पाणी आटवून चौथाईवर आणायचं, गाळून गार होऊ द्यायचं. मग गूळ, लवंग, वेलची, दालचिनी, नागकेशर आणि सगळ्यात शेवटी धायटीची वाळलेली फुलं. या फुलांनी रस आंबतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, ती फुलं माहूरच्या पायथ्याशी जडीबुटी विकणाऱ्या एका बाईकडूनच आणत. हे देवीच्या दर्शनाला जातात की फुलांच्या, असं आई विचारायची. बरणी पाऊणच भरायची, तोंडाला सैल फडकं बांधायचं आणि ज्वारीत गळ्यापर्यंत पुरून ठेवायची.

शेवटची ओळ अशी आहे: ‘बोलणे थांबल्यावर तोंड बांधावे.’

आंबताना बरणीतून बुडबुड्यांचा बारीक आवाज येतो. अण्णा त्याला बोलणं म्हणत. रोज दोन वेळा बरणीला कान लावायचा. बोलणं पुरतं थांबलं की झाकण बसवून वरून कापड आणि ओली माती लिंपायची, आणि पुन्हा महिनाभर हात लावायचा नाही. बोलत असताना तोंड बांधलं तर बरणी फुटते. एवढंच त्यातलं शास्त्र.

निलंगा तालुक्यातल्या एका खेड्यात ते मास्तर होते. गावात या प्रकाराला ‘मास्तरची दारू’ म्हणत. ते चिडत नसत. ‘दारू घशाखाली ढकलतात. हे जिभेवर ठेवतात,’ म्हणत. चहाच्या लहान काचेच्या ग्लासात दोन बोटं आसव ओतून ते पाहुण्यासमोर बसत आणि परीक्षा घ्यायला लागत.

‘काय येतंय?’

‘लवंग, मास्तर.’

‘ती सगळ्यांनाच येते. मागून काय येतंय?’

मागून काय येतंय ते सांगता येईपर्यंत दुसरा ग्लास मिळत नसे.

भूकंप झाला तेव्हा मी लातूरला शिकत होते आणि आई नांदेडला मामाकडे गेली होती. अण्णा घरात एकटे होते. दगडमातीची भिंत त्यांच्यावर आली. बाजूची ज्वारीची कणगी फुटून दाणे त्यांच्या छातीपर्यंत आले आणि वरचं लाकूड कणगीवर अडकून राहिलं. शेजारच्या दोघा भावांनी त्यांना दुपारी उकरून काढलं. डावा पाय पुढे कधी नीट झाला नाही. आत काय वाटत होतं, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. चार दिवसांपूर्वी घातलेली बरणी ज्वारीबरोबर सरकत त्यांच्या कानाशी आली होती. ‘ते बोलत होतं. त्याचं ऐकत पडलो होतो,’ म्हणाले.

ती बरणी शाबूत निघाली. राहायला मिळालेल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी ती त्या दोघा भावांसमोर उघडली. त्या दिवशी परीक्षा घेतली नाही.

मग आम्ही लातूरला आलो. क्लासेसची गर्दी वाढत होती. लोक घरोघरी कॉट टाकून क्लासच्या मुली ठेवत होते. आईनंही ठेवल्या, आधी चार, मग बारा. घर आमचं राहिलं ते पुढच्या खोलीपुरतं. मधल्या दारावर पडदा आला, भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी आली. पडद्यापलीकडे जायचं तर अण्णा आधी खोकत, मग थांबत, मग बहुतेक वेळा जातच नसत. मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवत होते. वर्गात मुलं मराठीच्या पुस्तकाखाली जीवशास्त्र उघडून बसायची आणि घरी आले की स्वयंपाकघरातही कुणीतरी सूत्रं पाठ करत असायचं. रेडिओ लावायचा नाही, मोठ्यानं हसायचं नाही. कुणाच्या तरी मुलीचा मेडिकलला नंबर लागायचा होता. तो लागला की दुसरी मुलगी येई आणि तिचा लागायचा असे.

आसवाला आईचा सक्त नकार होता. ‘पालकांना वास आला तर काय सांगू? एक मुलगी गेली की सगळ्या जातात.’ हे खरं होतं. आम्ही त्या बारा कॉटवर जेवत होतो.

एका वर्षी अण्णांनी मला बाजूला घेतलं. ते दोघे भाऊ दसऱ्याला येणार होते. ‘त्यांना नुसता चहा देऊ का गं?’ एवढंच म्हणाले. मी हो म्हटलं. बरणी मागच्या खोलीत, मेसच्या ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीत ठेवली. त्या खोलीला लागून मुलींची न्हाणी होती, त्यामुळे अण्णांना तिकडे जाणं शक्य नव्हतं. कान मी लावायचा होता.

सुरुवातीला लावला. मग सहामाहीचे पेपर आले, दोन मुली आजारी पडल्या. अण्णा पडद्याशी उभे राहून हळूच विचारत, ‘बोलतंय का गं?’ एका संध्याकाळी मी चिडून म्हटलं, ‘नाही. गप झालंय.’ मी तीन दिवस तिकडे फिरकलेही नव्हते. त्यांनी मला ताटलीत माती कालवून दिली आणि मी झाकण बसवून ती लिंपून आले. तेव्हाही कान लावला नाही.

रविवारी मुली टेस्टला गेल्या होत्या. देगलूरकडचे एक पालक मुलीसाठी लाडवांचा डबा घेऊन आले होते. ते पाणी पीत असतानाच मागून धप्प असा आवाज झाला. मी पळत गेले तर कोठीचं झाकण उडालेलं, ज्वारी काळी ओली झालेली आणि वास घरभर. पुढच्या खोलीत आले तेव्हा ते गृहस्थ उभे राहिले होते.

‘ताई, हा वास कशाचा म्हणायचा?’

मी मधला पडदा ओढून घेतला.

‘न्हाई, इचारून राहिलो. लेकरू ठिवलंय म्या हितं. घरात कुणी घेतं का?’

अण्णा कॉटवरून उठले होते. माझ्याकडे बघत होते. आसव आहे, औषधी असतं, मनुकांचं, हे मी सांगेन याची त्यांना खात्री होती. शाळेत वर्गातल्या हुशार मुलाकडे पाहावं तसे ते पाहत होते. पण औषध म्हटलं तर कुणाचं, कशावर, कोठीत का, असे पुढचे प्रश्न मला दिसत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात पदर धरून उभी होती.

मी म्हटलं, ‘वय झालंय त्यांचं. मी लक्ष ठेवते. पुन्हा होणार नाही.’

गृहस्थांचा चेहरा एकदम मऊ झाला. ‘असू द्या, असू द्या. आमच्या बापाचं बी असंच व्हतं. लई केलं आम्ही, सुटली न्हाई.’ मग अण्णांच्या जवळ जाऊन, बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं म्हणाले, ‘काका, जपा आता. पोरीकडं बघून तरी.’

अण्णांनी हात जोडले.

मुलगी राहिली. सगळ्या राहिल्या. ओली ज्वारी आम्ही गोणीत भरून लांब नेऊन टाकली. अण्णांनी त्या भावांना कार्ड लिहिलं: तब्येत बरी नाही, यंदा येऊ नये. ते मलाच पेटीत टाकायला दिलं. मी टाकलं. त्यानंतर त्यांनी बरणी घातली नाही, माहूरला गेले नाहीत आणि मला त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मीही काही बोलले असते. तसं एकाच घरात, त्याच पडद्याच्या दोन बाजूंना, आम्ही पुष्कळ वर्षं राहिलो.

ते गेल्या फाल्गुनात गेले. तेराव्याला त्या भावांपैकी धाकटे आले होते. थोरले आता नाहीत. जेवण झाल्यावर हात पुसत त्यांनी विचारलं, ‘मास्तरनं औंदा बरणी घातली व्हती का हो?’

‘नाही,’ मी म्हटलं. आणि न विचारता पुढे म्हटलं, ‘मी घालते. दसऱ्याला या.’

म्हणून मी माहूरला जाऊन आले. ती जडीबुटीवाली बाई नव्हती, तिची सून होती. वहीतल्याप्रमाणे सगळं केलं. आता सहाच मुली असतात, बाकीच्या मोठमोठ्या होस्टेलांत जातात, पण पाटी आणि पडदा आहे. बरणी त्याच कोठीत आहे; या वेळी आईनं नको म्हटलं नाही. रोज दोन वेळा जाते, ज्वारी बाजूला सारते, कान लावते. पहिले काही दिवस ती छान बोलत होती. मग कमी झालं. मग थांबलं.

थांबून आज नववा दिवस आहे. माती भिजवून ठेवली होती, ती दोनदा वाळली. वारा लागून आता आसवाचा आंबट शिरका होईल हे मला कळतं. दसरा महिन्यावर आला आहे. कान लावला की माझ्याच कानातलं काहीतरी ऐकू येतं, आणि ते बरणीतलं नाही असं मला खात्रीनं म्हणता येत नाही. मी माती न लिंपताच हात धुऊन परत येते.

आज सकाळी आईनं भाकरी थापता थापता, मागे न बघता विचारलं, ‘बोलतंय का गं अजून?’

‘हो,’ मी म्हटलं.

आईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. ‘मग राहू दे,’ म्हणाली.