शेजारच्या टार्गेटवरचे दहा

अख्ख्या अंबरपेठेत पिस्तूल बाळगूनही कुणालाच ज्यांची भीती वाटली नाही अशा एकच बाई झाल्या, त्या म्हणजे आमच्या घरमालकीण काकू. खरं सांगायचं तर त्यांच्या हातात पिस्तूल असायचं तेव्हा आम्ही सगळे निश्चिंत असायचो, कारण तेवढा वेळ त्या बोलत नसत. भीती वाटायची ती त्यांनी पिस्तूल खाली ठेवल्यावर. मग त्या चष्मा कपाळावर सरकवत, आजूबाजूला एक नजर फिरवत आणि कुणाचं काय चुकतंय ते सांगायला लागत.

मी शिकायला हैदराबादला आले तेव्हा आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच होते. त्यामुळे काय विचारायचं असतं आणि कुणाला विचारायचं असतं, हेही मला ठाऊक नव्हतं. तारनाक्याच्या बाजूला युनिव्हर्सिटीत नाव घातलं आणि गावाकडच्या कुणाच्या तरी ओळखीनं काकूंच्या माडीवरची खोली मिळाली. पहिल्या दिवशी ट्रंक घेऊन आत शिरले तर भिंतीवर, फ्रिजवर, न्हाणीच्या दारावर, जिन्याच्या वळणावर, जिथं बघावं तिथं एकेक काळी टिकली चिकटवलेली. बायका आरशाला टिकली लावून ठेवतात हे मला माहीत होतं, पण फ्रिजला? मला वाटलं, या घरात काही नवस-बिवस असावा. मी भीत भीत विचारलं, तर काकू म्हणाल्या, "नवस कैचा ग? टार्गेट आहे ते." आणि त्यांनी तिथल्या तिथं हातातला लोखंडी बत्ता उचलून, हात ताठ करून, फ्रिजवरच्या टिकलीवर नेम धरून दाखवला. माझ्या ट्रंकेची कडी हातातून सुटली.

काकूंचे यजमान रेल्वेत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत. साठीला आलेल्या या बाईच्या हाती पिस्तूल दिलं ते त्यांच्या नातीनं. ती सुट्टीत आली होती आणि तिला उन्हाळी शिबिरासाठी नेमबाजीच्या रेंजवर घातलं होतं. काकू तिचा डबा आणि पाण्याची बाटली घेऊन मागं बाकावर बसायच्या. पहिल्याच फटक्याच्या आवाजाला नात त्यांच्या पदरात शिरली ती बाहेर यायलाच तयार होईना. कोच म्हणाले, "आँटी, उसकू दिखाओ तो जरा, कुछ नै होता." काकूंनी पदर खोचला, पिस्तूल उचललं आणि चाप ओढला. कागद सरकत जवळ आला तेव्हा भोक काळ्या वर्तुळाच्या आत होतं. नात सुट्टी संपवून पुण्याला गेली, काकू रेंजवरच राहिल्या. एवढा हात स्थिर कसा, असं कुणी विचारलं की त्या म्हणत, "सुईत दोरा ओवते ना मी. त्यालाही श्वास धरावा लागतो, यालाही. यात काय एवढं?"

पण 'यात काय एवढं' म्हणणाऱ्या काकूंनी सगळं घर त्यात घातलं होतं. रोज सकाळी देवपूजा झाली की गच्चीवर जाऊन त्या तो बत्ता एका हातात ताठ धरून उभ्या राहत, कारण पिस्तुलाच्या वजनाची सवय व्हायला हवी. समोरच्या गच्चीवरच्या तेलुगू मामी पापड वाळत घालता घालता थबकून ओरडायच्या, "एमैंदम्मा?" म्हणजे काय झालं बाई? काकू श्वास धरून असल्यामुळे उत्तर देत नसत आणि मामी घाबरून पापड घेऊन आत जात. टिकल्यांची पाकिटं त्या बेगम बाजारातून ठोकानं आणत. तिथला दुकानदार एकदा म्हणाला, "माँजी, काली टिकली इत्ती? ब्यूटी पार्लर खोले क्या?" तर काकू म्हणाल्या, "नक्को रे, पार्लर कायकू? निशाना है." पुढच्या खेपेपासून तो त्यांना बसायला स्टूल देऊ लागला. घरातही रेंजचेच नियम होते. सुरी ठेवायची तर टोक भिंतीकडे, लाटणं कुणाच्या दिशेनं रोखायचं नाही. मी एकदा टीव्हीचा रिमोट हातात घेऊन त्यांच्याशी बोलायला वळले, तर त्या जागच्या जागी ओरडल्या, "नळी खाली!" तेव्हापासून मी चॅनेलसुद्धा जमिनीकडे बघून बदलते. चहानं हात थरथरतो म्हणून स्पर्धेच्या आधी आठवडाभर त्या चहा सोडत, पण माझ्या कपाजवळ येऊन बसत. "तू पी ग, मी नुसता वास घेते," म्हणत. इतक्या मनापासून वास घेत की चहा पिताना मलाच अपराधी वाटे.

रेंजवर त्या सिटी बसनं जात. पिस्तुलाची पेटी भाजीच्या पिशवीत आणि वर कोथिंबिरीची जुडी. एकदा मी बरोबर होते. पिशवी कंडक्टरच्या पायाला लागली. तो कळवळून म्हणाला, "क्या रखे अम्मा इसमें, बम?" काकू अगदी सरळपणे म्हणाल्या, "नहीं बेटा, पिस्तूल." सगळी बस हसली, कंडक्टर तर सगळ्यांत जास्त. काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ, खरं बोललं की कुणी काही विचारत नाही."

ही रेंज म्हणजे एका फर्निचरच्या दुकानावरचा लांबट हॉल. काकू पहिल्यांदा गेल्या तेव्हा तिथं पंख्याच्या आवाजाखेरीज काही नसायचं म्हणे. आता रविवारी जागा आधी सांगून ठेवावी लागते. शाळेतल्या मुली येतात, कंप्युटर कंपनीतली पोरं येतात, एक दातांचे डॉक्टर येतात, बिर्याणीच्या हॉटेलाचे एक मालक येतात, आणि सगळे एका ओळीत गप्प उभे राहून एका काळ्या ठिपक्याकडे बघतात. ही सगळी गर्दी आपणच जमवली असं काकूंना वाटत असे आणि त्यात थोडं तथ्यही असावं, कारण अंबरपेठेत भाजी घ्यायला आलेल्या कुठल्याही बाईला त्या "हात दाखव बघू" म्हणत आणि बोटं पसरून बघत. रविवारी त्या सगळ्यांसाठी शंकरपाळ्यांचा डबा नेत, पण हवेच्या पिस्तुलाचे छर्रे शिशाचे असतात म्हणून साबणानं हात धुतल्याखेरीज कुणाला एक शंकरपाळी मिळत नसे. बिर्याणीवाले मालक, डॉक्टर, सगळे ओले हात पुढं करून रांगेत उभे राहत आणि काकू नखं तपासत.

त्यांची एकच खोड होती, ती म्हणजे शेजारी बघणं. प्रत्येकानं आपापल्या समोरच्या कागदाकडे बघावं, हा त्या खेळाचा पहिला धडा. काकूंना तोच जमला नाही. स्वतःच्या दोन शॉट्सच्या मध्ये त्या डावीकडे बघत, उजवीकडे बघत. "बेटा, तेरा नीचे जा रहा," "डॉक्टरसाब, कंधा ढीला छोडो." कोच हात जोडत, "आँटी, कैकू उधर देख रै? ये रेंज है, बाल्कनी नै!" काकू म्हणत, "हौ, हौ," आणि पुढच्या मिनिटाला पुन्हा मान वळलेली.

मला मात्र त्या खोडीचा फायदाच झाला. पहिल्या वर्षी कॉलेजात मला सगळ्या वर्गासमोर इंग्रजीत बोलायचं होतं. आदल्या दिवशी मी जिन्यात बसून कागद वाचत होते आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. काकूंनी जाता जाता बघितलं आणि शेजारच्या पायरीवर बसल्या. "श्वास घे. आता अर्धा सोड. आता जो उरला ना, त्याच्यावर बोल," म्हणाल्या. "आणि माणसांकडे बघू नको. मागच्या भिंतीवर टिकली आहे असं समज." दुसऱ्या दिवशी मी भिंतीकडे बघून बोलले. फार चांगलं बोलले असं नाही, पण शेवटपर्यंत बोलले. आमच्या घरी हे मी सांगितलं तेव्हा त्यांना त्यात विशेष काय ते कळलं नाही. काकूंनी त्या रात्री साखरभात केला.

गेल्या वर्षी काकूंना गच्चीवर चक्कर आली. पडल्या नाहीत, कठड्याला धरून राहिल्या, पण समोरच्या मामींनी पाहिलं आणि पुण्याला कळलं. मुलगा रोज फोन करू लागला. आई, आता एकटी नको राहूस, पुण्याला ये, कायमची ये. काकू हो म्हणत नव्हत्या, नाही म्हणत नव्हत्या, मध्येच श्वास धरून गप्प बसत आणि तो पलीकडून "हॅलो? हॅलो?" करत राही. शेवटी एका दुपारी माझ्यासमोरच त्या फोनवर म्हणाल्या, "हे बघ, पुढच्या महिन्यात आमची स्पर्धा आहे. तिच्यात राज्याच्या स्पर्धेला लागतात तेवढे गुण पडले, तर एक वर्ष तू पुण्याचं नाव काढायचं नाहीस. नाही पडले, तर मी स्वतः बॅग भरून येते." मुलगा हसून म्हणाला, "चालेल." तो हसला, कारण त्याला आईचा नेम माहीत नव्हता. मला माहीत होता, म्हणून मी हसले नाही. सरावात तेवढे गुण त्यांना कधी पडत, कधी थोडक्यात हुकत.

स्पर्धेच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले होते. काकूंच्या उजवीकडे शाळेतली एक बारीकशी मुलगी होती, तिची पहिलीच स्पर्धा. एका कागदावर दोन गोळ्या मारायच्या, मग बटण दाबून कागद जवळ आणायचा आणि नवा लावायचा, असं चालू होतं. काकूंचा दिवस चांगला होता. बोटांवर हिशेब करणारे बिर्याणीवाले मालक माझ्या कानात म्हणाले, "ऐसाच चला तो हो जाता." शेवटचे थोडेच कागद उरले होते. इतक्यात ती मुलगी अडली. ती पिस्तूल उचले, खाली ठेवे, पुन्हा उचले. आणि मला जे नको होतं तेच झालं. काकूंची मान वळली. स्पर्धेत त्यांना बोलता येत नव्हतं, पण ओठ हलताना मला दिसले. श्वास घे, अर्धा सोड. मुलीनं खरंच श्वास सोडला आणि मारलं. काकूंनी समाधानानं मान डोलावली, हात उचलला आणि त्यांनीही मारलं.

कागद जवळ आले. मुलीच्या कागदावर तीन भोकं होती आणि काकूंच्या कागदावर एकच. मुलीच्या कागदावरचं तिसरं अगदी मधोमध, जणू कंपासनं पाडलेलं. मुलीला वाटलं, आपल्याकडूनच काहीतरी भयंकर झालं, आता आपल्याला बाहेर काढतील. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी पिस्तूल उघडून रीतसर खाली ठेवलं आणि हात वर केला. पंच आले. "साब, बीचवाला मेरा है. बच्ची कू कुछ मत बोलो."

"आँटी, दूसरे के टार्गेट पे मारे तो आपकू झीरो मिलता."

"मालूम है ना," काकू म्हणाल्या. मग जरा पुढं वाकून हळूच, "मगर दस है ना वो? कहीं लिख लेओ कि दस था."

पंचांना हसू आवरेना. काकूंनी कबूल केलं नसतं तरी कागदावरून कळलंच असतं, त्यामुळे त्यांनी फार मोठा त्याग केला असं मी म्हणणार नाही. उरलेले शॉट त्यांनी नीट मारले. बेरीज झाली तेव्हा सहा गुण कमी पडले. शेजारी गेलेले ते दहा आपल्या कागदावर असते तर काय झालं असतं, हे सगळ्यांना कळत होतं, म्हणून सगळे आपापल्या पेट्या आवरायला लागले. ती मुलगी शंकरपाळ्या घ्यायला आली तेव्हा काकूंनी तिला आधी हात धुवायला पाठवलं.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. काकू म्हणाल्या, "हुकले रे." तो म्हणाला, "आई, जाऊ दे. मी गंमत करत होतो. तुला राहायचं तर राहा अजून."

"नक्को," काकू म्हणाल्या. "बोलले ते बोलले. गुण मोजून झाल्यावर परत मागत नसतात."

मी त्यांना म्हटलंसुद्धा, "काकू, ते स्वतः म्हणतायत ना राहा म्हणून." त्या फक्त म्हणाल्या, "हौ ग, म्हणतोय." त्यांनी शब्द पाळला, की त्या चक्करेची भीती त्यांनाही वाटत होती आणि निमित्त हवं होतं, हे मला अजून कळलेलं नाही. विचारायचा धीर मला झाला नाही. जाताना त्यांनी समोरच्या मामींना बत्ता देऊन टाकला आणि मला माझी परीक्षा होईपर्यंत खोलीत राहायला सांगितलं. खालचं घर बंद करताना त्यांनी सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारली, पण भिंतीवरची एकही टिकली काढली नाही.

आता पुण्यात त्यांनी एक रेंज शोधली आहे. परवा फोन आला तेव्हा आवाज खुशीत होता. "इथं मला सगळे हैदराबादच्या काकू म्हणतात ग," म्हणाल्या.

"मग बरंय की, काकू."

"बरंच आहे." मग त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मला आता त्यांचं गप्प राहणं कळतं, म्हणून मी हॅलो हॅलो केलं नाही. "माझा आख्खा जन्म गेला तिथं," त्या म्हणाल्या, "पण तिथं मी मराठी आँटी. हैदराबादची व्हायला पुण्याला यावं लागलं बघ." आणि लगेच, जणू काही झालंच नाही, "नळाला पाणी आलं का ग आज?"

पाणी आलं नव्हतं. पण त्या तिथं बसून घोर लावून घेतील, म्हणून मी आलं म्हटलं. आणि फोन ठेवून, रिकामी बादली घेऊन, मामींकडे गेले.