दाजींचं गिमिक

दाजी गेल्याचा भाच्याचा फोन आला तेव्हा मी अफझलगंजच्या बाजारात होतो. रडू आलं नाही. आठवला तो त्यांचा लाडका शब्द... गिमिक.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. विद्यानगरात राहायचे, जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. दिलसुखनगरच्या क्लासवाल्यांनी घोड्यावरून पेढे वाटले की गिमिक, पुढाऱ्यानं झाडू हातात घेतला की गिमिक, मुलानं वाढदिवसाला फोटोचा केक आणला तर तेही गिमिकच. एकदा वैतागून मी अर्थ विचारला. म्हणाले, "लोकांनी वळून बघावं म्हणून केलेली क्लृप्ती. मालात दम असो नसो. आणि विनायक, हा शब्द नेहमी दुसऱ्याला लावायचा असतो. आपण केलं की ती कल्पकता!"

ते रिटायर झाल्यावर अक्कानं घराखालच्या गाळ्यात पुरणपोळीचं दुकान काढलं. आयुष्यात पहिल्यांदा तिचं स्वतःचं असं काही. पण गिऱ्हाईक फिरकेना. मी फुगे लावू म्हटलं, तर दाजींनी नाक मुरडलं. शेवटी अक्का म्हणाली, "उद्याचा दिवस बघते, नाहीतर शटर पाडते कायमचं."

दुसऱ्या संध्याकाळी बघतो तर काय, दाजी इस्त्रीचा शर्ट घालून काउंटरसमोर परक्यासारखे उभे, आणि भर रस्त्यात ओरडतायत, "अम्मा, कल के जैसेइच नरम हैं ना? जल्दी देओ, खतम हो जाते!" जाणारे-येणारे थबकले. हां हां म्हणता रांग लागली. दाजी गल्लीला वळसा घालून पुन्हा शेवटी येऊन उभे.

"दाजी, हे काय?" मी कानात विचारलं.

"गिमिक. गप उभा राहा."

दुकान चांगलं चाललं. ते अक्काचेच यजमान हे पुढं साऱ्या गिऱ्हाइकांना कळलं, तरी रोज पहिलं गिऱ्हाईक तेच.

तेरावं झाल्यावर अक्कानं दुकान उघडलं. नेहमीची माणसं आली, पण काउंटरसमोरची पहिली जागा सोडून उभी राहिली. "या ना पुढं," अक्का म्हणाली. कोणी हलेना. मग तिनं गॅस बंद केला, बाहेर आली आणि त्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली. दुकानाकडे तोंड करून.

"विनू," ती म्हणाली, "इथनं तर त्यांना नुसती मीच दिसत असेन रे..."