भोवत्यांचं बरड

अंजनगाव सुर्जीच्या पलीकडे आमचं शेत आहे. त्यातला एक तुकडा बरड, मुरमाड. तिथे वडिलांनी कधी काही पेरलं नाही. पावसानंतर कंबरभर कुसळी गवत वाढायचं आणि दिवाळी झाली की एक धनगर मेंढ्या घेऊन तिथे उतरायचा. आम्ही भावंडं त्याला मामा म्हणायचो. मेंढ्यांना चारा मिळायचा, आमच्या बाकीच्या वावराला खत. वडील गेले, मी शिक्षिकेची नोकरी धरून अकोल्याला राहिले, शेती दादाकडे आली, तरी मामा येतच होता.

वहिनी गेली त्याच वर्षी पक्ष्यांवर काम करणाऱ्या एका संस्थेची माणसं दादाकडे आली. आमच्या बरडावर हिवाळ्यात भोवते मुक्कामाला येतात, असं त्यांनी सांगितलं. भोवत्या हा घारीपेक्षा सडपातळ, लांब पंखांचा शिकारी पक्षी. फार दूरच्या थंड मुलखातून येतो, दिवसभर शेतांवरून फिरून नाकतोडे आणि उंदीर मारतो आणि रात्री झाडावर न बसता गवतात, जमिनीवरच झोपतो. अशी गवताची रानं नांगरली गेल्यामुळे तो कमी होत चालला होता. दादाने दिवाळीपासून होळीपर्यंत ते गवत कापायचं नाही, जाळायचं नाही, त्यात जनावर सोडायचं नाही. त्याबद्दल संस्था दरवर्षी मोबदला देईल. दादा हो म्हणाला. पैशांसाठी म्हणाला असं मला वाटत नाही. घर रिकामं झालं होतं, आणि ती माणसं ओट्यावर बसून तासन् तास बोलायची.

नाताळच्या सुट्टीत मी गेले तेव्हा त्याने मला संध्याकाळी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, नेऊन बसवलं. ऊन उतरलं तसे भोवते एकेक करून आले. गवताच्या शेंड्यांना लागतील इतके खाली, पंख न हलवता. दादा हळू आवाजात नर कुठला, मादी कुठली ते सांगत होता. वहिनी गेल्यापासून त्याला इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

मामाला त्या वर्षी दादाने बरडावर उतरू दिलं नाही. मोबदल्यातला वाटा देऊ केला, तर मामा म्हणाला की मेंढ्यांना पैसे चारता येत नाहीत. तो कॅनॉलच्या काठाने पुढे गेला आणि तिथल्या आखूड गवतावर कसंतरी भागवलं. दादाला वाईट वाटलं, पण एखाद्या वर्षात त्याला सवय होईल असं तो धरून चालला.

पुढच्या हिवाळ्यात बरड पेटलं. मी तिथेच होते. दुपारी धूर दिसला आणि आम्ही धावलो. कॅनॉलवरच्या तळावरून मामा आणि त्याची दोन्ही मुलं आमच्या आधी पोचली होती, निंबाच्या फांद्यांनी आग झोडपत होती. वारा होता, काही उपयोग झाला नाही. सगळं काळं झाल्यावर दादा मामासमोर जाऊन उभा राहिला.

"मामा, तुमच्या लोकायनं लावली काय?"

मामाच्या हातात अजून फांदी होती. ती त्याने खाली ठेवली.

"तुह्या बापाच्या वक्तापासून मी या वावरात येतो. असं मले कोनी इचारलं नव्हतं."

एवढं बोलून तो मुलांना घेऊन निघून गेला. त्याच्या मनगटावर भाजल्याचा लाल पट्टा उठला होता, तो मी पाहिला. दादाने पाहिला की नाही, मी विचारलं नाही.

संध्याकाळी भोवते आले. राखेवर बराच वेळ घिरट्या घालत राहिले, एकही उतरला नाही. अंधार पडायला लागला तसे ते पूर्वेकडे गेले.

दोन दिवसांनी लाईनमन आला. वाऱ्याने बरडावरून जाणाऱ्या विजेच्या तारा एकमेकींना लागल्या होत्या, ठिणगी तिथून पडली. खांबाखालचं गवत आधी जळालं होतं, ते त्याने दादाला दाखवलं. दादा तसाच गाडीवर बसून कॅनॉलकडे गेला, पण तळ उठला होता. पुढे परतवाड्याच्या बाजारात मामा भेटला तेव्हा दादाने त्याचे पाय धरले. मामाने त्याला उठवलं, चहा पाजला, माझी चौकशी केली. दिवाळीनंतर या, असं दादा पुन्हा पुन्हा म्हणत होता. मामा आला मात्र नाही.

पावसाळ्यात गवत पुन्हा वाढलं. थोडे भोवते परतले, संस्थेची माणसं खूश होती, मोबदलाही वेळेवर येतो. दादा गवताची राखण चोख करतो, पण धुऱ्यावर जाऊन बसत नाही. मागच्या हिवाळ्यात मी एकटीच गेले. परत आल्यावर किती आले होते असं तो विचारेल म्हणून मी वाट पाहिली. त्याने टीव्हीचा आवाज थोडा वाढवला आणि भाकरी खाल्ली का म्हणून विचारलं.