नीलकंठाचा गळा

पीस हातात आलं की मी आधी त्याची दांडी बघते. दांडी एका बाजूला सरकलेली असेल तर पंखाचं, मधोमध असेल तर बहुधा शेपटीचं. मग पट्टे, मग टोक, आणि रंग सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात. निळं दिसलं की मोराचं म्हणतात आणि मोकळे होतात. बुऱ्हाणपुरात विज्ञान शिकवताना मी वर्गावर हे इतकं ओरडले आहे की निवृत्त झाल्यावरही कुणी पीस पुढं केलं की माझा आवाज आपोआप चढतो. पोरं पाठीमागे मला काय म्हणायची ते ठाऊक आहे मला. म्हणोत बापडी.

गेल्या पावसाळ्यात आईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. खरं म्हणजे तो आधीपासूनच होता, आम्हाला उशिरा कळला. ती दाराच्या चौकटीला धडकायची, ताटातली कडेची चटणी तिला दिसायची नाही, आणि आम्ही म्हणायचो, वय झालं. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. नजर कडेनं आत आत आटत चाललीय, नळीतून बघावं तसं मधलं तेवढंच आता दिसतं. गेलेली परत यायची नाही, आणि उरलेली वर्षभर टिकेल असं वाटत नाही. मी औषधांचं विचारत बसले. आईनं एकच विचारलं, "दसऱ्यापर्यंत राहील ना? मला नीलकंठ बघायचाय."

डॉक्टर हसले. मला काही हसू आलं नाही. आई हट्टाला पेटली की काय होतं ते मी जन्मभर बघत आलेय, आणि तेच माझ्यातही उतरलंय.

आई लग्न होऊन जळगावकडून इथं आली. दसऱ्याला आपट्याचं सोनं वाटायचं, एवढंच तिला माहेरून माहीत. सिंधीपुऱ्यातल्या शेजारणीनं तिला सांगितलं, "आज के दिन नीलकंठ देखना चाहिए, साल अच्छा जाता है." तेव्हापासून दर दसऱ्याला सकाळी ती तापीच्या घाटावर जायची, नीलकंठ पाखरू बघायची, हात जोडायची, आणि मगच घरात गोडाधोडाला हात लागायचा. आम्ही कधी तिच्यासोबत गेलो नाही. सणाच्या सकाळी घरात कामं काय कमी असतात?

नवरात्रात देवघर आवरताना तिनं कुंकवाच्या जुन्या डबीतून एक पीस काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "बघ, नीलकंठाचं. घाटावर सापडलं होतं मला." अगदी कौतुकानं सांगत होती. मी सवयीनं दांडी बघितली. पंखाचं. मुळाकडं पांढरं, टोकाला काळं, बाहेरच्या कडेला निळी झाक. आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, "आई, हा तर खंड्या आहे!"

"कोण खंड्या?"

"खंड्या गं! पाण्याजवळ बसतो, मासे-बेडूक खातो. लालभडक चोच, पांढरा गळा, निळी पाठ."

"हां, तोच. नीलकंठ."

"अगं, गळा पांढरा आणि नाव नीलकंठ? तुला एकदाही शंका आली नाही?"

"कशाची शंका? महादेवाचा गळा आतून निळा. वरून भस्म लावलंय, म्हणून पांढरा दिसतो."

मी कपाळाला हात लावला. पण गप्प बसेन तर ती मी कसली. सगळं सांगितलं तिला. घोटाळा नावातच आहे म्हटलं. हिंदीत ज्याला नीलकंठ म्हणतात त्याच्या कंठात निळं काहीच नाही, गळा आणि छाती तपकिरी. मराठीत त्याला नीलपंख म्हणतात ते बरोबर, कारण निळाई सगळी पंखांत. तो उघड्या शेतात तारेवर बसतो. त्याचं पीस असतं गडद निळं आणि मधे आकाशी पट्टा, असं पांढरं नसतंच. बोलता बोलता माझं लक्ष गेलं. आई माझ्याकडे बघत नव्हती. पीस परत ठेवायला ती डबी चाचपडत होती.

"म्हणजे इतके दसरे मी भलत्यालाच हात जोडले," ती म्हणाली. "तुझे बाबा गेले त्या साली पण."

धाकटा भाऊ शेजारच्या खोलीतून ऐकत होता. तो माझ्यावर जाम भडकला. "ताई, काय करून राहिली तू? क्या जरूरत थी? खंड्या तर खंड्या, राहू द्यायचं ना!"

"आणि खोट्यालाच खरा समजत बसू द्यायचं तिला?"

"तुझं आपलं प्रत्येक ठिकाणी तपासायला वह्या घेऊन बसल्यासारखं!"

"भांडू नका रे," आई मधेच म्हणाली. "कळलं ते बरं झालं. आता मला खरा दाखवा."

पाखरू काय बोलावल्यावर येतं? दसऱ्याची सकाळ एकच. आणि पुढच्या दसऱ्याला तिला दिसत असेल असं आमच्यापैकी कुणीच धरून चाललं नव्हतं.

दसऱ्याला भावानं गाडी काढली, निंबोल्याच्या बाजूला निघालो. केळीच्या दाट बागांत तो मिळायचा नाही, म्हणून मी कपाशीच्या उघड्या रानाकडे गाडी घ्यायला लावली. तारेवर होले बसलेले, कोतवाल बसलेला, वेडे राघू तर ओळीनं. माझी चिडचिड वाढत चालली. आणि मग एका वळणानंतर तारेवर तो दिसला, मोठ्या डोक्याचा, मान खांद्यांत घालून बसलेला.

आईला खाली उतरवलं. तिच्या गालांना दोन्ही हातांनी धरून मी तिचं तोंड हळूहळू फिरवलं, वर, थोडं डावीकडं. "दिसला," ती म्हणाली. आणि मग, "माय वं! हा तर होल्यासारखा मातकट!"

"थांब. उडू दे त्याला. मग बघ."

तो उडाला. पंख उघडले आणि सगळी निळाई एकदम बाहेर आली. मी ओरडले, "बघ, आई, बघ!" आईचं तोंड तारेकडेच होतं. "कुठं गेला?" ती म्हणाली.

तो कपाशीत उतरला, किडा घेऊन परत तारेवर आला. मी पुन्हा तिचं तोंड फिरवलं. पुन्हा उडाला, पुन्हा तेच. बसलेला असतो तोवर तिला दिसायचा, आणि पंख उघडले की क्षणात तिच्या नजरेतून निसटायचा. ज्या पाखराचं निळं फक्त उडण्यातच आहे, ते तिच्या त्या एवढ्याशा नजरेत मावणारच नव्हतं. मला रडू यायला लागलं, आणि रागही, कुणाचा ते कळेना. भाऊ दुसरीकडे बघत उभा राहिला.

"तुला दिसला ना उडताना?" आईनं विचारलं.

"हो."

"मग सांग मला."

मी सांगितलं. खांद्यापासून सुरुवात केली. तिथं जांभळट निळा, मग आकाशी, रुंद पट्टा, मग टोकाकडं परत गडद. शेपटी पण तशीच, आकाशी आणि कडेला गडद. पोट फिकट निळं. हे सगळं एकदम उघडतं, आणि बसला की एकदम मिटून जातं. आईनं डोळे मिटून घेतले होते. मधेच विचारायची, "आकाशी म्हणजे कसं? सकाळचं की दुपारचं?" मी म्हटलं, दुपारचं. मग तिनं हात जोडले. पाखरू तोवर पार शेताच्या त्या टोकाला गेलं होतं.

गाडीत बसवताना तिनं माझं मनगट धरलं. "पुढच्या दसऱ्याला मला तारेवरचा पण दिसायचा नाही," ती म्हणाली. "तेव्हा पण आण इथं, आणि असंच सांग. फक्त जरा हळू सांग गं. मी काही तुझ्या वर्गात बसलेली नाही."